वजनकाटा आणि मस्टर

माझ्या पिशवीत दोन गोष्टी कायम असतात. दंडघेर मोजायची तीनरंगी पट्टी आणि नमुना चारचे कोरे अर्ज. पट्टी आरोग्य खात्याची, अर्ज रोजगार हमीचा. कुपोषणाचं काम करणाऱ्या बाईला कामाच्या मागणीचे अर्ज कशाला लागतात, असं जव्हारला नव्याने बदलून आलेले साहेब हमखास विचारतात. एक पावसाळा इथे काढला की विचारेनासे होतात.

पट्टीचं काम सोपं आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर ती गुंडाळायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषित. आमच्या बोलण्यात ‘सॅम’. साडेअकरा ते साडेबारा पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषित, ‘मॅम’. त्याच्या वर हिरवा. नमुना चार मात्र पोषणाच्या कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. तो भरून ग्रामपंचायतीत द्यायचा आणि तारखेसकट पोच घ्यायची. मग कायद्याने पंधरा दिवसांत काम मिळायला हवं, नाहीतर बेकारभत्ता. मूल लाल रंगात आहे हे पट्टी सांगते. ते लाल रंगात कसं गेलं, याचा शोध घेत गेलं की निम्म्याहून अधिक वेळा मी त्या न भरलेल्या अर्जापाशी येऊन थांबते.

जव्हार आणि मोखाड्यात वर्षाचे दोन तुकडे पडतात. पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, डोंगरउतारावर नागली, वरई, खाली खाचरात भात, बांधावर उडीद-तूर. जून ते सप्टेंबर हाताला काम भरपूर, पण ते आपल्याच शेतातलं, मजुरी नाही. कणगी आषाढातच तळाला गेलेली असते. आवणीच्या दिवसांत बाई पहाटे शेतावर जाते आणि अंगावरचं मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे सोपवते. ती बहीण त्याला काय भरवणार? याच महिन्यांत जुलाब, ताप, सर्दी-खोकला चालू असतो आणि ओढ्यांना पाणी आल्यामुळे कित्येक पाडे उपकेंद्रापासून तुटलेले असतात. भात कापून झाला, दिवाळी झाली, की दुसरा तुकडा सुरू होतो. मुकादम येतो, उचल देतो आणि वारली, कोकणा, कातकरी, ठाकर कुटुंबं भिवंडी, वाडा, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर नाहीतर रेतीच्या, बांधकामाच्या कामावर निघतात. त्याला इथे ‘जगायला जाणं’ म्हणतात. होळीला चार दिवस येतात, परत जातात, आणि खरे परततात ते पावसाच्या तोंडावर.

म्हणजे मुलाचं वजन जून ते सप्टेंबर अंगणवाडीच्या रजिस्टरात उतरत असतं, आणि जेव्हा ते भरून निघायचे महिने येतात तेव्हा मूल गावातच नसतं. रजिस्टरात त्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. हा शेरा एकदा पडला की ते मूल इथल्या आकडेवारीतून बाहेर जातं आणि तिथल्या आकडेवारीत येत नाही. ज्या अंगणवाडीच्या हद्दीत भट्टी असते, तिच्या यादीत त्याचं नाव नसतं.

हे सरकारला ठाऊक नाही असं मुळीच नाही. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभरावर बालकं दगावली आणि मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत काय चाललंय हे महाराष्ट्राला एकदम कळलं. त्यानंतर 1995 मध्ये आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना आली. नाव योजना असलं तरी तिच्यात नवं फार थोडं होतं. असलेल्या योजना एकत्र चालवायच्या, हा तिचा गाभा. पावसाळ्याआधी दुर्गम गावांच्या रेशन दुकानांत चार महिन्यांचं धान्य पोचवायचं, मानसेवी डॉक्टरांची भरारी पथकं पाड्यांवर फिरवायची, गरोदर बाईला मातृत्व अनुदान द्यायचं, दाईंच्या बैठका घ्यायच्या, पाणी शुद्ध ठेवायचं, रोजगार हमीची कामं काढायची. आरोग्य, महिला व बालविकास, पुरवठा, आदिवासी विकास, पाणीपुरवठा, बांधकाम, महसूल सगळे एका टेबलाभोवती बसणार आणि वर जिल्हाधिकारी. कागदावर आजही मला याहून शहाणं काही सापडत नाही. पुढे गाभा समित्या आल्या, त्यांत संस्था-संघटनांनाही जागा मिळाली. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला. मुख्यालय जव्हारला हवं होतं, अशी इथल्या लोकांची हळहळ आजही एसटीत ऐकू येते, पण निदान ठाण्याइतकं लांब जावं लागत नाही.

अशा बैठकांना मी संस्थेची प्रतिनिधी म्हणून बसत आले आहे. कुठली बैठक कुठल्या तालुक्यातली, हे सांगायची गरज नाही. सगळ्या एकसारख्याच असतात. आरोग्यवाले म्हणतात, इतकी बालकं तपासली, इतकी पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवली. बालविकासवाले म्हणतात, इतका आहार वाटला. रोजगार हमीचे म्हणतात, शेल्फवर, म्हणजे मंजूर कामांच्या यादीत, इतकी कामं आहेत, मागणीच नाही. पुरवठ्याचे म्हणतात, धान्याची उचल शंभर टक्के. चौघांचंही खरं असतं. चौघांच्याही यादीत तेच पाडे असतात, पण याद्या कधी एकमेकींवर ठेवून पाहिलेल्या नसतात. लाल पट्टीतल्या मुलांच्या घरांपैकी किती घरांकडे जॉब कार्ड आहे, हा प्रश्न ज्या दिवशी एका बैठकीत विचारला गेला, त्या दिवशी पहिल्यांदा खोलीत शांतता झाली. उत्तर कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते माहीत करून घेणं कुणाचं काम आहे हेही कुणाला सांगता येईना.

तेव्हा आम्ही ते खालून सुरू केलं. खालून म्हणजे अंगणवाडीताई, आशाताई, सिस्टर आणि रोजगारसेवक या चौघांपासून. वजनाचा दिवस ठरलेला असतोच. त्या दिवशी रोजगारसेवकाला अंगणवाडीत बोलवायचं, एवढंच. सुरुवातीला त्याला वाटलं, बायकांच्या कामात आपण कशाला. एका पाड्यावरचा रोजगारसेवक तर दाराबाहेर मोटरसायकलवरच बसून राहिला होता. आत छताच्या वाशाला काटा टांगलेला, त्याच्या झोळीत मुलं एकेक करून बसत होती आणि रडत होती. एका मुलाचा काटा सहा किलोच्या पुढे सरकेना. अंगणवाडीताईने वय सांगितलं, दोन वर्षं. तो बाहेरून ओरडला, “दोन? माझ्या पोराला आठ महिन्यांचा असताना एवढं होतं.” आणि आत आला. मुलाच्या बापाला तो ओळखत होता. शाळेत एका बाकावर बसलेले दोघं. त्यानेच आईला विचारलं, “कार्ड हाय का तुमचं?” कार्ड होतं, पत्र्याच्या पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. त्यात एकाही दिवसाची नोंद नव्हती. नमुना चार तिथेच भरला गेला. आईने डाव्या अंगठ्याचा ठसा दिला आणि शाई मुलाच्या झबल्याला पुसली.

असे अर्ज भरत गेलो तेव्हा खरी अडचण कळली. मागणी नाही असं कागदावर दिसत होतं, कारण लोकांनी मागणं सोडून दिलं होतं. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात या कामाचा दर दिवसाला 297 रुपये होता. भट्टीच्या हिशेबात तो अगदीच वाईट नाही, शिवाय स्वतःच्या घरी झोपायला मिळतं. पण हे 297 कधी मिळणार? मस्टर, म्हणजे हजेरीपट, बंद व्हायचं, मोजमाप व्हायचं, ऑनलाइन चढायचं, मंजुरी व्हायची, मग बँकेत. आणि बँक कुठे, तर जव्हारला किंवा मोखाड्याला. एक दिवस मोडणार, गाडीभाडं जाणार. उलट मुकादम दिवाळीच्या आधी हातावर रोकड ठेवतो. त्या रोकडीतून किराणा दुकानाची उधारी फिटते, लग्नाचं देणं जातं, कुणाचं आजारपण निघतं. एक म्हातारा मला म्हणाला, “ताई, तुमचं काम चांगलं हाय, पण पैसं कधी येतील? शेठ तं आज देतो.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही फार चांगलं उत्तर नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली आणि 1972 च्या दुष्काळात राज्यभर उभी राहिलेली रोजगार हमी आठवड्याच्या मजुरीवर माणसं जगवायची. तिचं आजचं रूप जास्त पारदर्शक आहे हे मान्य, पण भुकेच्या वेळापत्रकाशी तिची गाठ सुटली आहे असं माझं मत झालंय.

म्हणून आम्ही वेळापत्रकालाच हात घातला. दिवाळीला काम हवं तर अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, जागेची पाहणी हे सगळं ऑगस्ट-सप्टेंबरात उरकायला हवं. ते उरकायचं तर मागणी जुलैत दिसायला हवी. आणि जुलैतच लाल-पिवळ्या मुलांची यादी सर्वात लांब असते. मग ती यादीच मागणीची यादी केली. मजगी, दगडी बांध, समतल चर, रोपवाटिका, गावतळ्यातला गाळ अशी कामं आधी त्या पाड्यांच्या जवळ धरायची, जिथे यादी लांब. जिथे एखादा शाखा अभियंता किंवा ग्रामसेवक भाऊसाहेब मनावर घ्यायचे तिथे दिवाळीच्या आठवड्यात मस्टर निघालं आणि काही कुटुंबं थांबली, सगळी नाही. जिथे जागा वन खात्याची निघाली तिथे परवानगी येईपर्यंत पाडा रिकामा झाला होता. यशाचं प्रमाण सांगा, असं देणगीदार विचारतात. मी त्यांना त्या थांबलेल्या घरांतल्या मुलांची वजनं दाखवते. ती चढलेली असतात. फार नाही, पण चढलेली. त्याचं श्रेय कुणाचं हे मला सांगता येत नाही, कारण त्या घराला त्याच महिन्यांत मजुरी मिळाली, रेशन मिळालं, अंगणवाडीतलं अंडं मिळालं आणि मुलाला आई मिळाली.

आई मिळण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. कामाच्या जागेवर पाच किंवा अधिक लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची, हे रोजगार हमीच्या कायद्यातच आहे. सावली, पाणी, प्रथमोपचाराची पेटी हेही आहे. आम्ही पहिल्यांदा हे वाचून दाखवलं तेव्हा मस्टरवर चर खणणाऱ्यांखेरीज कुणाचं नाव कसं घालायचं, यावरच अर्धा दिवस गेला. शेवटी एका बांधावर मोहाच्या झाडाखाली साडीची झोळी बांधली आणि सांभाळायला एक आजी बसल्या. अंगणवाडीताईंनी मदतनीसबाईंना सांगून दुपारचा खाऊ तिथेच पाठवला, सिस्टरने लसीकरणाचा डबा त्याच आठवड्यात तिथे उघडला. एरवी ज्या मुलांना गाठायला तिला दोन टेकड्या चढाव्या लागायच्या, ती सगळी एका झाडाखाली. ती मला म्हणाली, असं काम असेल तर मीपण नमुना चार भरते.

अमृत आहाराचंही असंच. 2015 च्या नोव्हेंबरपासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने ही योजना आदिवासी भागात सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचं चौरस, गरम जेवण: भात किंवा भाकरी, डाळ, भाजी, अंडं, शेंगदाण्याचा लाडू. योजना चांगली, आणि जेवण शिजवणाऱ्या हातांवर माझा विश्वास आहे. पण बाई जेवायला येते ती डबा घेऊनच. अंडं पदराआड जातं, डब्यात पडतं, घरी दोघा-तिघांत वाटलं जातं. पर्यवेक्षणाला आलेल्या एका मॅडम त्यावरून रागावल्या होत्या. मला त्या बाईचा राग येत नाही. घरात चार महिने मजुरी नसेल तर अंडं एकटीने खाणारी आई कुठली? हे डबे बंद करायचा एकच उपाय मी पाहिला. ज्या महिन्यात त्याच पाड्यावर मस्टर चालू होतं, त्या महिन्यात डबे कमी झाले. आहाराच्या खर्चात कुणीही एक रुपया वाढवला नव्हता.

पोषण पुनर्वसन केंद्राकडे वळते. जव्हारच्या कुटीर रुग्णालयात मूल आईसह साधारण दोन आठवडे ठेवतात, आईला बुडीत मजुरीही देतात. तरीही आया तयार होत नाहीत, आणि अहवालात ‘पालकांचा नकार’ असं लिहिलं जातं. नकाराची कारणं विचारत बसलं की ती फार घरगुती निघतात. मागे दोन मुलं आहेत, सासू आंधळी आहे, शेळी विणार आहे, कोंबड्या रानमांजर नेईल. शेळीचं ऐकून मला हसू आलं होतं. मग लक्षात आलं की त्या घरात ठेव म्हणून असलेली एकमेव वस्तू ती शेळीच आहे. तेव्हापासून बालक दाखल करायचं ठरलं की आशाताई आधी शेजारणीला गाठते. शेळी कुणी बांधायची, मुलांना ताटात कोण घेणार, हे ठरतं, मग गाडी बोलावली जाते. पशुसंवर्धन खातं आमच्या बैठकीत बसतं, चहा घेतं आणि त्यांना कधीच कुणी काही विचारत नाही. विचारावं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

भगतांबद्दल बाहेरचे लोक फार विचारतात, म्हणून थोडक्यात. भगत इथे आहेत, राहतील. ज्या पाड्यांवर सिस्टर भगताच्या घरी बसून चहा पिते तिथे तो कोंबडं-नारळ झाल्यावर मूल दवाखान्यात पाठवतो. जिथे त्याला भाषण ऐकवलं जातं तिथे पाठवत नाही.

पाण्याचं मात्र बोलायला गेलं की माझा आवाज चढतो. मोखाड्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे, 102 मीटर उंच, 2014 पासून मुंबईला पाणी देणारं. त्याच तालुक्यात फेब्रुवारी-मार्चपासून टँकर सुरू होतात आणि बाया विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. दोन हंड्यांसाठी दोन-दोन तास जात असतील तर मुलाला दिवसातून पाच वेळा थोडं थोडं भरवा, हा आमचा सल्ला आई कुठल्या वेळात पाळणार?

खासगी कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांचंही या भागात येणंजाणं असतं, विशेषतः मार्चअखेर. सौरपंप बसवणाऱ्यांचे आभारच मानायला हवेत. पंपाने हंडे कमी केले, बाईचे दोन तास वाचवले, आणि तो पोषणाचा कार्यक्रम आहे हे पंप बसवणाऱ्या अभियंत्याला सांगितलं तर तोही खूश झाला. बिस्किटांचे पुडे आणि फलक घेऊन येणाऱ्यांना मी हल्ली शाळेकडे वळवते.

जे गावात थांबतात ते का थांबतात, याचं एक उत्तर मला मोगऱ्याने दिलं. बाएफची ‘मित्र’ ही संस्था जव्हारकडे वाडीचं काम करत आली आहे: एकरभर उतारावर आंबा-काजू, कडेने लाकूडफाट्याची झाडं, मध्ये भाजीपाला. अलीकडे त्यात मोगरा आला. कळ्या उजाडायच्या आत खुडायच्या, गाडीने दादरला जायच्या. बागेला हिवाळा-उन्हाळ्यात रोज माणूस लागतो आणि रोज थोडा पैसा येतो. मोगरा लावलेल्या घरातल्या पोरांच्या नावापुढे मी ‘स्थलांतरित’ हा शेरा क्वचितच पाहिला आहे. एका शेतकऱ्याला मी हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, “फुलाला सोडून जाता येत नाय ना ताई, दोन दिवसांत झाड रुसतं.” मात्र ज्याला जमीन आहे आणि उन्हाळ्यात पाणी आहे त्याचीच ही गोष्ट. कातकरी पाड्यावर दोन्ही नसतं, आणि आमच्या याद्यांत सर्वात वर त्यांचीच मुलं असतात.

म्हणून शेवटी भट्टीपर्यंत जाणं आलंच. रेशन आता दुसऱ्या गावीही घेता येतं, पण अंगठा जुळावा लागतो आणि दुकानदाराला ते मान्य असावं लागतं. अंगणवाडीचं सोपं निघालं. इथल्या ताईने तिथल्या ताईला फोन करायचा, मुलाचं नाव, शेवटचं वजन, दंडघेर कळवायचा. बाया एकमेकींशी बोलल्या की काम होतं. पुढे यासाठी संगणकावर नोंदीची पद्धतही आली, पण फोन बंद झालेले नाहीत. प्रश्न एवढाच की कुठलं कुटुंब कुठल्या भट्टीवर आहे, हे निघून गेल्यावर कुणाला विचारायचं? सरपंचाला ठाऊक नसतं. शेजारी गेलेले असतात. ते पक्कं ठाऊक असणारा माणूस आमच्या कुठल्याही बैठकीला कधी बोलावलेला नाही. तो म्हणजे मुकादम.

मुकादम बहुधा त्याच पाड्यांमधला असतो, आणि त्याच्याकडे वही असते. तिच्यात जोडप्यांची नावं, भट्टीचं गाव, किती खाणारी तोंडं, आठवड्याची खर्ची किती हे सगळं. आमच्या चारही खात्यांच्या रजिस्टरांपेक्षा ती वही नेमकी आहे, कारण चुकीची नोंद झाली तर नुकसान त्याच्या खिशाला. दिवाळीआधी मी अंगणवाडीताईंना घेऊन अशा एका मुकादमाच्या ओट्यावर बसले. तो आधी बिचकला. कामगार कायद्याचं काही असेल, वेठबिगारीची तक्रार असेल असं त्याला वाटलं. पुढे-मागे ती तक्रार करायची वेळ आली तर मी करीन हे त्याला सांगूनच पुढे बोलले. मुलांची नावं आणि भट्टीचं गाव एवढंच लिहिणार, असं ठरलं. त्याने वही उघडली, उचलीच्या रकान्यावर अंगठा ठेवला आणि एकेक ओळ वाचत गेला. ताई आपल्या वजनाच्या रजिस्टरात खूण करत होत्या. मध्येच थांबून तो म्हणाला, “ह्याचं पोर लय बारीक हाय, ते पयलं लिहा.”

काही पाड्यांच्या याद्या अशा हाती आल्या. पलीकडच्या पाड्यांचा मुकादम यंदा नवा आहे, तो फोन उचलत नाही. रोजगारसेवक म्हणतो, त्याची बायको गरोदर आहे, अमृत आहाराला रोज येते, तिच्याकडूनच निरोप देऊ.